भट्टीटोलीचा एकच ठिपका

भट्टीटोलीत दोन घरांचं वाजलं, की आधी दोन्हीकडचे मनसोक्त तोंडसुख घ्यायचे, एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायचे, आणि दमले की कोणीतरी म्हणायचं, वच्छलाबाईले विचारा. तिला विचारलं की प्रकरण मिटलं. ती पंच नव्हती, नगरसेवकाच्या मागेपुढे करणारी नव्हती, बचत गटाची अध्यक्षसुद्धा नव्हती. अध्यक्षपद एकदा चालत दाराशी आलं होतं. तेव्हा तिनं सांगितलं, मले रोजच्या चारशे पोळ्या आहेत, तुमचं रजिस्टर दुसरीले द्या. तरी तिचा शब्द चालायचा, कारण वच्छलाबाई खोटं बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्वतःच्या नवऱ्यानं कोणाची सायकल वाकडी केली तर तेही ती आपण होऊन सांगून यायची. नवरा ताराचंद कळमन्याच्या बाजारात हमाल. बायकोच्या या खरेपणाचा त्याला फार वैताग, पण तिच्यामुळे आपल्यालाही चार लोक मान देतात हे कळण्याइतका तो शहाणा होता.

टोली त्या बाजाराच्याच मागे. कधीकाळी तिथं विटांच्या भट्ट्या होत्या; भट्ट्या गेल्या, नाव राहिलं, आणि मधोमध वाहणारा नाला राहिला. अलीकडे समाजभवन, पक्की गल्ली, खांबांवर दिवे. पलीकडे मागाहून आलेल्यांची टिनाची घरं. नळ आला तो अलीकडेच. पलीकडच्या बायका घागरी-गुंड घेऊन पाण्याला आल्या की अलीकडच्या त्यांना शेवटी उभं करायच्या, आणि शेवट येईपर्यंत नळ जायचा. वच्छलाबाई तेव्हा कन्हानच्या पुढच्या एका खेड्यातून नवी नवी लग्न होऊन आलेली, बावीस वर्षांची. तिनं एके दिवशी आपला गुंड बाजूला ठेवला आणि पलीकडच्या एका म्हातारीचा नळाखाली लावला. गलका झाला. ती म्हणाली, पाणी म्युनसिपालटीचं होय अन् टोली एकच होय. घरी गेल्यावर सासूनं तिला बोल लावला, पण दुसऱ्या दिवशीही तिनं तेच केलं, आणि महिनाभरात ती रीतच पडली.

त्यानंतर वीस वर्षं ती हे एकच वाक्य धरून बसली. गणपतीची वर्गणी असो, मतदारयादी असो, डासांची फवारणी असो, कोणी 'पलीकडचे' म्हटलं की ती त्याला तिथंच अडवायची. एखाद्याला देवाचं वेड असतं, तिला या एकपणाचं होतं. आणि ते चांगलंच वेड होतं, त्यात शंका नाही.

ज्या म्हातारीचा गुंड तिनं नळाखाली लावला, तिच्याच घरात पुढे मोनाली सून म्हणून आली. ती वच्छलाबाईला काकू म्हणायची. वच्छलाबाईला लग्नानंतर चौदा-पंधरा वर्षं मूल नव्हतं. दोनदा राहिलं आणि गेलं. छत्तिसाव्या वर्षी वैभवी झाली, तर अंगावर दूध येईना. मोनालीचा रोहित तेव्हा वर्षाचा होता. ती नाला ओलांडून दिवसातून चारदा यायची आणि वैभवीला पाजून जायची. पुढे वच्छलाबाई कामावर परत जाऊ लागली, तशी वैभवी दिवसभर मोनालीकडेच असायची. मोनाली घरबसल्या साड्यांना फॉल लावायची, आणि तिच्या एका बाजूला रोहित, दुसऱ्या बाजूला वैभवी. पोरं एका ताटात जेवायची. कोणाची कोण, हे नव्या माणसाला कळायचं नाही.

वच्छलाबाईचं काम म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलमध्ये पोळ्या करण्याचं. तिथं ती मावशी. एका दुपारी चिन्मयी नावाची एक मुलगी ताट घेऊन थेट स्वयंपाकघरातच येऊन बसली. धरमपेठेतली, डॉक्टरांची मुलगी, घर गावात असून होस्टेलमध्ये राहायची हौस असलेली. तिला आणि तिच्या कॉलेजातल्या मित्रमंडळींना म्हणे शहरातल्या सामाजिक-आर्थिक विषमतेवर काहीतरी करून दाखवायचं होतं. तिनं विचारलं, मावशी, तुमच्याकडे सगळ्यात मोठा प्रश्न काय? तिला वाटलं असणार, पाणी म्हणतील, नाहीतर दारू. वच्छलाबाई तव्यावरची पोळी उलटत म्हणाली, शाळा.

टोलीची मुलं जायची ती शाळा दोन खोल्यांची होती. एका खोलीत पोषण आहाराचा तांदूळ असायचा. आणि टोलीपासून चालत पंधरा मिनिटांवर, कळमना रोडला, एक मोठी इंग्लिश शाळा होती. तिच्या पिवळ्या बसेस रोज टोलीच्या तोंडावरून जायच्या. खाजगी शाळांत गरिबांच्या मुलांसाठी चौथा हिस्सा जागा राखून ठेवलेल्या असतात, हे वच्छलाबाईला ऐकून माहीत होतं. पण फॉर्म ऑनलाइन, कागद ढीगभर, आणि कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस फॉर्म भरून द्यायचा त्यात दरवर्षी काहीतरी राहून जायचं. टोलीतलं एकही मूल आजवर त्या शाळेत गेलेलं नव्हतं.

चिन्मयीनं हे ऐकलं आणि ती पेटलीच. आठ दिवसांत बारा जणांचा गट झाला. नाव ठेवलं 'समतल'. टोलीतल्या लोकांना ते नाव प्लॉटच्या जाहिरातीसारखं वाटलं, पण पोरं मनापासूनची होती. टी-शर्ट आधी छापले आणि काम नंतर सुरू केलं, हे खरं. तरी काम केलं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत ती स्वतः उभी राहिली. पुष्कर नावाचा त्यांच्यातला हुशार मुलगा तर दोन रात्री जागून एक यादी बनवून आला, कोणाचा कोणता कागद कमी आहे ते एका नजरेत दिसावं अशी. आणि हे सगळे कागद आले कसे? तर वच्छलाबाई घरोघरी गेली म्हणून. अनोळखी पोरांच्या हातात कोणी आधारकार्ड देत नाही. वच्छलाबाईच्या हातात लोकांनी पिशवीच दिली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी समाजभवनात फॉर्म भरायचं ठरलं. सव्वीस मुलं, त्यांतली सतरा पलीकडची. पलीकडच्या बायांना रविवारीही काम असतं. त्या सकाळीच कागद वच्छलाबाईकडे ठेवून गेल्या. मोनालीला कामठीला एका मयतीला जायचं होतं. तिनं रोहितची फाइल देताना म्हटलं की तुम्ही आहे तं मी कायले पाहिजे. वच्छलाबाई पोळ्यांची सुट्टी काढून, स्वच्छ लुगडं नेसून, पुष्करच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. त्या दिवशी ती खूश होती. इतकी खूश ती वैभवीच्या जन्मानंतर प्रथमच दिसली, असं ताराचंद नंतर म्हणायचा.

पहिला फॉर्म वैभवीचा. सगळं भरून झालं आणि शेवटी नकाशा आला. घर नेमकं कुठं आहे, तिथं ठिपका ठेवायचा. वच्छलाबाईचं घर समाजभवनाच्या मागेच, साठ पावलांवर. पुष्करनं समाजभवनावरच ठिपका ठेवला. दुसरा फॉर्म रोहितचा. पुन्हा नकाशा आला. पुष्करनं विचारलं, हे घर कुठे दाखवू? वच्छलाबाईनं पडद्याकडे पाहिलं. तिथं घरं नव्हतीच; एक राखाडी पट्टा होता आणि त्यात एक निळी रेघ. चिन्मयीनं विचारलं की नाल्यापलीकडची घरं वेगळी दाखवायची का.

वच्छलाबाईची मान ताठ झाली. "आमच्यात अलीकडचे-पलीकडचे असं काही नाही," ती म्हणाली. "टोली एकच होय. सारे इथंचेच समजा."

चिन्मयीला ते वाक्य इतकं आवडलं की तिनं वहीत लिहून घेतलं. पुष्करनं मान डोलावली आणि समाजभवनाचा ठिपका सगळ्या फॉर्मांसाठी कायम करून टाकला, म्हणजे दर वेळी शोधत बसायला नको. आता यात त्याचं चुकलं हे उघड आहे. पण त्याच्या बापाच्या बंगल्याच्या फाटकाला स्वतःचा ठिपका आहे, जेवण मागवलं की माणूस थेट त्या फाटकाशी येतो. दोनशे घरांच्या टोलीला मिळून एक ठिपका पुरे, असं त्याला सहज वाटून गेलं. आणि वच्छलाबाईला त्याहून सहज वाटलं, कारण ती वीस वर्षं तेच तर सांगत आली होती. संध्याकाळी सव्वीस फॉर्म गेले. पोरांनी समाजभवनाच्या पायरीवर फोटो काढला, वच्छलाबाईला मधोमध उभं करून.

एप्रिलात सोडत निघाली. सव्वीसांतल्या पाच जणांना ती मोठी शाळा लागली. वैभवी, रोहित आणि पलीकडचीच आणखी तीन मुलं. मोबाइलवर मेसेज आला तेव्हा मोनाली सुई दोऱ्यासकट टाकून धावत आली आणि तिनं वच्छलाबाईला गच्च मिठी मारली. दोघी रडल्या. ताराचंदनं बाजारातून संत्र्यांची अख्खी क्रेट उचलून आणली आणि दोन्ही काठांना वाटली. 'समतल'च्या पोरांनी कॉलेजच्या भिंतीवर मोठा फलक लावला. त्यावर वच्छलाबाईचा फोटो आणि खाली तिचंच वाक्य, टोली एकच. चिन्मयीनं मोबाइलवर तिला तो दाखवला, तेव्हा ती लाजून हसली आणि म्हणाली, पोळी करपते माई, बाजूले हो.

मग कागदांची तपासणी लागली. नियम असा, की शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांचा नंबर आधी. समाजभवन त्या किलोमीटरच्या आत होतं, जेमतेम. पलीकडची घरं बाहेर होती. कोणाच्या तरी नजरेस आलं, की सव्वीस अर्जांचा ठिपका एकच आहे. शिक्षण खात्याचा एक माणूस मोबाइल घेऊन टोलीत आला, पाचही घरांच्या दारांत उभा राहिला, काहीतरी मोजून गेला. वच्छलाबाईनंच त्याला घरं दाखवली. चहा पाजला.

आठ दिवसांनी निकाल आला. चौघांचे प्रवेश रद्द. पत्ता चुकीचा दाखवून लाभ घेतला, असं कारण. वैभवीचा कायम. साठ पावलांचा फरक नियमात बसत होता.

पोरांनी धावपळ केली नाही असं नाही. चिन्मयी तीनदा शिक्षण खात्याच्या कार्यालयात गेली. तिथल्या साहेबानं तिला शांतपणे सांगितलं, चूक तुमची असेल, हेतू चांगला असेल, पण या ठिपक्यामुळे चार जागा लागल्या, त्या किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या चार गरिबांच्या होत्या. त्यांना मी काय सांगू? चिन्मयी कागद गोळा करून बाहेर आली. बाकी तिघांचं वय पुढच्या वर्षीही बसणार होतं. रोहितचं बसणार नव्हतं. तो सात वर्षांचा झाला होता. त्याच्यासाठी ते दार यंदा एकदाच उघडणार होतं, आणि ते उघडून मिटलं.

पुष्करनं लेखी खुलासा दिला. तो चिन्मयीनं स्वयंपाकघरात येऊन वच्छलाबाईला वाचून दाखवला, कारण तो तिच्यापासून लपवून ठेवणं तिला जमेना. त्यात लिहिलं होतं की, जागेची नोंद स्थानिक स्वयंसेविका वच्छलाबाई यांनी दिलेल्या तोंडी माहितीवरून केली. वाचताना चिन्मयी मधेच थांबली. तिला वाटलं मावशी चिडतील. वच्छलाबाई म्हणाली, बरोबरच लिहिलं त्यानं, मीच तं सांगितलं होतं. त्यानंतर चिन्मयी जेवायला येई, पण खाली मान घालून. पूर्वी चार पोळ्या खायची, आता दोनमध्येच उठे. पुढे परीक्षा लागल्या, पुष्करला पुण्यात नोकरी लागली, आणि 'समतल'चे टी-शर्ट होस्टेलच्या दोऱ्यांवर नुसते वाळताना दिसू लागले. पोरं वाईट नव्हती. त्यांना दुसरीकडे जायला जागा होती, एवढंच.

वच्छलाबाईला नव्हती. टोलीत कुजबुज सुरू झाली, आणि ती कुजबुज कोणाच्या सुपीक डोक्यातली उपज नव्हती. ती समोर दिसणाऱ्या गोष्टींतून निघाली होती. सव्वीस जणांचे कागद कोणी गोळा केले? हिनं. पोराच्या शेजारी खुर्ची टाकून कोण बसलं होतं? ही. ठिपका कोणाच्या दारात पडला? हिच्या. अन् निघालं कोणाचं? तर हिच्याच पोरीचं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. अलीकडच्या बायका, ज्यांना तिचं एकपण कधीच पचलं नव्हतं, त्या आता पलीकडे जाऊन हळहळ व्यक्त करून आल्या. नळावर ती आली की बोलणं थांबायचं. तिचा नंबर कोणी तोडला नाही, पण तिचा गुंड उचलून डोक्यावर द्यायला कोणी हात लावेना.

मोनालीनं वैभवीला ठेवून घ्यायचं बंद केलं. भांडली नाही. फक्त एका सकाळी म्हणाली की मले फॉलचं काम जास्त आहे. वच्छलाबाई मग पोरीला होस्टेलवर घेऊन जाऊ लागली. पोरगी पिठाच्या पोत्याला टेकून बसायची आणि विचारायची, रोहित काहून नाही येत? 

प्रवेश पक्का करायचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. बुधवारी मोनाली आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. दोन महिन्यांत ती वाळली होती. तिनं आवाज चढवला नाही, आणि म्हणूनच ते ऐकणं कठीण गेलं.

"काकू, मी लोकायचं नाही ऐकत," ती म्हणाली. "पण मले रात्रंदिवस तेच दिसून राहिलं. रोहितले नाही भेटली तं वैभवीलेबी नको. तुम्ही जागा सोडा. मग मी मानीन का तुमच्या मनात काही नव्हतं."

ताराचंद खाटेवर कंबर शेकत पडला होता. मोनाली गेल्यावर तो उठून बसला. एरवी बायकोच्या भानगडींत न पडणारा हा माणूस त्या दिवशी स्पष्ट बोलला, की पोरगी आपली आहे, नवसानं झालेली आहे. तिनं आपल्यासारखी पोती उचलावीत अन् पोळ्या लाटाव्यात, हे टोलीनं ठरवायचं काय? वच्छलाबाई ताटं वाढायला उठली. तिला मोनालीचं म्हणणं अन्यायाचं वाटत नव्हतं. पोरीच्या अंगात मोनालीचं दूध होतं. आणि 'सारे इथंचेच समजा' हे शब्द तिच्याच तोंडचे होते. कोणालाही न विचारता सतरा घरांच्या वतीनं ती बोलली होती. रात्रभर विचार करून तिनं ठरवलं, जागा सोडायची. ठरवल्यावर तिला झोप लागली.

शुक्रवारी ती वैभवीला घेऊनच शाळेत गेली, कारण पोरीला ठेवायला टोलीत एकही घर उरलं नव्हतं. कार्यालयात एक वयस्कर क्लार्कबाई होत्या. वच्छलाबाईनं सांगितलं, प्रवेश नको आहे, सोडायचा आहे. बाईंनी चष्मा वर करून तिच्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. वच्छलाबाईनं विचारलं की ही जागा आमच्याच टोलीतल्या रोहितले देता येईन काय. बाई म्हणाल्या, नाही हो, त्याचं नाव यादीतूनच गेलं. ही जागा प्रतीक्षायादीतल्या कोणाला तरी जाईल. सोडायचीच असेल तर या कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहून द्या, खाली सही करा. दोन मिनिटांचं काम आहे. उद्यापासून त्याचीही गरज नाही, जागा आपोआपच जाईल.

तिनं कागद घेतला. ती सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर वळणदार. मी वच्छला ताराचंद, असं लिहून झालं, आणि तिचा हात थांबला.

असाच एक कागद तिच्या बापानं लिहिला होता. सातवीनंतरची शाळा कन्हानला होती, आणि तिथं जायचं म्हणजे खाणीच्या रस्त्यानं, ट्रकांच्या वर्दळीतून. तिला जायचं होतं. ती वर्गात पहिली होती. पण गावातल्या लोकांनी बापाला चावडीवर विचारलं, आमच्या पोरी घरी बसून राहिल्या अन् तुह्यीच काय वेगळी आहे? बाप सज्जन माणूस, चारचौघांत नाव असलेला. त्यानं दुसऱ्याच दिवशी शाळेत जाऊन दोन ओळी लिहून दिल्या. हेडमास्तरांनी त्याला तीनदा विचारलं होतं, पाटील, नक्की ना? ती बाजूला उभी होती. बापानं तिन्ही वेळा हो म्हटलं, आणि गावात त्याचं नाव पुढेही चांगलंच राहिलं.

तिनं बापाला कधी दोष दिला नव्हता. त्या दिवशी, हातात पेन धरून, तिनं पहिल्यांदा दिला. त्याचा तिला इतका राग आला की तिचे कान तापले. समोर बाकावर वैभवी बसली होती, पाय जमिनीला पुरत नव्हते.

वच्छलाबाईनं तो कागद चुरगळला आणि क्लार्कबाईंना म्हणाली, प्रवेशाचा कागद द्या. बाईंनी काही न विचारता दिला. तिनं सही केली.

वैभवीचा हात धरून ती परत निघाली. मोनालीला काय सांगायचं, ते तिनं वाटेत तीनदा जुळवलं. की जागा रोहितला मिळत नव्हती. की सोडून कोणाचं भलं होणार नव्हतं. की मीही आई आहे. सगळं खरं होतं, आणि सांगायला काहीच हरकत नव्हती. मोनाली समाजभवनाच्या पायरीवरच बसली होती, बाजूला आणखी दोघी-तिघी. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. वैभवी तिचा हात सोडून धावत गेली आणि सवयीनं मोनालीच्या मांडीवर बसली. मोनालीनं तिला ढकललं नाही, पण हातही लावला नाही.

"सोडली काय?" मोनालीनं विचारलं.

वच्छलाबाईनं तोंड उघडलं. "सोडाले गेली होती," ती म्हणाली. "ते नाही म्हणतात. एकदा नाव लागलं का सोडता येत नाही म्हणतात."

मोनालीचा बांधच फुटला. तिनं वैभवीला छातीशी धरलं आणि दोन महिन्यांचं साचलेलं सगळं रडून काढलं. बाजूच्या बायाही डोळे पुसू लागल्या. मोनाली हुंदक्यांतून म्हणत होती, तुम्ही गेल्या तं सही काकू, तुम्ही सोडाले गेल्या. मी पापीण, मी तुमच्यावर शक घेतला. एकीनं जरा खोदून विचारलं की सोडता कसं येत नाही, असा कोणता नियम. तिला मोनालीनंच गप्प केलं. वच्छलाबाई सांगून राहिली ना, म्हणाली. झालं तं मग.

संध्याकाळपर्यंत ही बातमी नाल्याच्या दोन्ही काठांना पोचली. दुसऱ्या दिवशी नळावर तिघींनी मिळून तिचा गुंड उचलून दिला.

जूनच्या शेवटी शाळा सुरू झाली. मोनालीनं एकच मागणं केलं, की वैभवी दिवसा जे शिकन ते संध्याकाळी रोहितले सांगत जाईन काय, म्हणजे पोट्टा मागं नाही पडणार. वच्छलाबाई हाव म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? तेव्हापासून रोज दिवेलागणीला रोहित येतो. दोघं वैभवीचं इंग्रजीचं पुस्तक मधे ठेवून पालथी पडतात. वैभवी खेळकर आहे, दोन ओळींत कंटाळते. रोहित कंटाळत नाही. त्यानं महिन्याभरात पुस्तक संपवलं, आणि आता वैभवी अडली की तोच तिला पुढचा शब्द सांगतो. मग पुढचं पुस्तक कधी भेटन म्हणून विचारतो. वच्छलाबाई चुलीकडे तोंड करून बसते, कारण त्याच्याकडे पाहणं तिला होत नाही.

परवा मोनाली त्याला न्यायला आली. दारात थांबून तिनं त्याचं वाचन ऐकलं. शेजारची एक बाई सोबत होती, तिला ती अभिमानानं म्हणाली, "काकू नसत्या तं ह्या पोट्ट्याचं काय झालं असतं, सांग."

वच्छलाबाईनं चुलीत एक लाकूड सारलं. तिच्या मनात एवढंच आलं, की या बाईनं एकदा येऊन आपल्याला शिव्या द्याव्यात, चारचौघांत, केस धरून. त्या दिल्या असत्या तर त्या रात्री तिला घास गिळता आला असता.